पासिंगचे टायर

आमच्याकडे 'फिटनेस सर्टिफिकेट' असं कुणी म्हणत नाही. म्हणतात पासिंग. नवी गाडी घेतली की तिची नोंदणी होते, ते पासिंग. जुन्या गाडीला दरसाल साहेबापुढं उभं करायचं, तेही पासिंगच. 'कुठल्या पासिंगची गाडी हाय?' असं विचारलं तर उत्तर येतं, 'सव्वीसची' नाहीतर 'चोवीसची'. सव्वीस म्हणजे नांदेड, चोवीस म्हणजे लातूर. 1988 चा मोटार वाहन कायदा 1 जुलै 1989 पासून लागू झाला. त्याच सुमारास एमएचचे नंबर आले, तेव्हा मराठवाड्याचे जिल्हे ओळीनं बसवले गेले. औरंगाबाद वीस, जालना एकवीस, परभणी बावीस, बीड तेवीस, लातूर चोवीस, उस्मानाबाद पंचवीस आणि शेवटी आमचं नांदेड. हिंगोली जिल्हा 1999 साली झाला, तोवर ओळ भरून गेली होती, म्हणून तिला थेट अडतीस मिळाला.

आमचं गाव लोहा आणि अहमदपूरच्या मधे, दोन जिल्ह्यांच्या शिवेवर. चहाच्या टपरीवर निम्म्या गाड्या सव्वीसच्या, निम्म्या चोवीसच्या. गावात तिघांकडे ट्रक होते, त्यातला एक आमच्या आबांचा. टाटा 1613, म्हणजे बोलण्यातली 'सोळा-तेरा'. या नावात गाडीची कुंडली असते. पहिले दोन आकडे भरल्या गाडीचं वजन टनांत सांगतात, पुढचे दोन ताकद. तेराला दहानं गुणा, म्हणजे एकशेतीस घोडे. मॉडेल 1996 चं. आबांनी ती 2004 साली जुनीच घेतली, दोन एकर रान गहाण टाकून. हंगामात ऊस, मग लातूरच्या आडतीवरून तूर आणि डाळ, मधल्या दिवसांत अर्धापूरची केळी. आम्हा तिघा भावंडांची शिक्षणं, बहिणीचं लग्न, आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं त्या सहा चाकांवर चाललं.

त्यामुळं पासिंग हा आमच्या घरचा सण होता आणि घोरही. ट्रकसारख्या वाहनाला तपासणीचा दाखला असल्याशिवाय रस्त्यावर येता येत नाही, हे 1939 च्या कायद्यातही होतं आणि 1988 च्या कायद्यातल्या छप्पन्नाव्या कलमातही आहे. दाखला संपला म्हणजे त्या कलमाच्या हिशेबानं गाडीची नोंदणीच जिवंत धरत नाहीत. त्या दिवसांत नव्या गाडीला पहिला दाखला दोन वर्षांचा मिळायचा, पुढं दरसाल एकेक वर्षाचा. 2018 च्या शेवटी नियम बदलला. आता आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन-दोन वर्षं मिळतात, त्याहून म्हाताऱ्या गाडीला एकच. आमची गाडी घरात आली तेव्हाच आठ वर्षांची होती.

पासिंगच्या आधीचे आठ दिवस म्हणजे पोळ्याच्या आधीचे आठ दिवस. पोळ्याला बैल धुतात, शिंगं रंगवतात, झूल घालतात. ट्रकचंही तसंच. ओढ्यावर नेऊन हौदा घासायचा, फाळक्याचे निसटलेले कब्जे वेल्डिंग करायचे, पेंटरला बोलवायचं. पेंटर दारावर मालकाचं नाव, गाव, भरलेलं वजन, मोकळं वजन लिहायचा. टॅक्स, इन्शुरन्स, परमिट यांच्या तारखा लिहायचा आणि फिटनेसच्या तारखेची जागा कोरी सोडायचा. मागं रेडियमच्या पट्ट्या चिकटवायच्या. 'हॉर्न ओके प्लीज' पूर्वी आवर्जून रंगवायचे, 2015 साली महाराष्ट्रात त्यावर बंदी आली तेव्हा पेंटरनं ते पुसायचेही पैसे घेतले. प्रथमोपचाराची पेटी शोधायची. ती सापडायची, पण तिच्यात आयोडिनऐवजी तंबाखूची पुडी असायची.

आणि कागदं. इन्शुरन्स, टॅक्सची पावती, परमिट, पीयूसी, 2010 नंतर पर्यावरण कर. आबा चौथी शिकलेले. पण कुठला कागद कुठल्या महिन्यात संपतो ते त्यांना तोंडपाठ. माझं काम चेसी नंबरची छाप घ्यायचं. चेसीवर ठोकलेले आकडे घासून स्वच्छ करायचे, त्यावर पातळ कागद धरायचा आणि पेन्सिल आडवी फिरवायची. आकडे हळूहळू उमटायचे. गंजानं एक आकडा पुसट झाला होता, तो दरसाल उमटायला छळायचा.

आता टायर. टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल तर टायर बाद, असा नियम आहे. आमच्या ट्रकचे पुढचे टायर बहुतेक वर्षं त्याच्या अलीकडं-पलीकडं असायचे. नवी जोडी घ्यायची तर दोन महिन्यांची कमाई. म्हणून गावातल्या तिघा ट्रकवाल्यांनी मिळून चांगल्या टायरची एक जोडी ठेवली होती. तिला म्हणायचेच 'पासिंगचे टायर'. ती तिघांपैकी एकाच्या कडब्याच्या गंजीशेजारी पत्र्याखाली झाकलेली असायची. ज्याचं पासिंग त्यानं आदल्या रात्री न्यायची, लावायची, आणि पास झाली की संध्याकाळी परत आणून ठेवायची. वर्षाला तिघांची मिळून दोन-अडीचशे किलोमीटरची चाल. त्यामुळं नक्षी जशीच्या तशी. दुसऱ्या गावांत बॅटरी फिरायची, कुठं वायपर, कुठं हेडलाइट. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. पाहुणे येणार म्हणून शेजारच्या घरून चादर आणावी तसं ते होतं.

मला वाटतं, या रिवाजाची मुळं मोटारीच्याही आधीची आहेत. आमच्या शेजारी माळेगाव. खंडोबाची जत्रा मार्गशीर्षात भरते, घोड्यांचा आणि जनावरांचा मोठा बाजार. विकणारा महिनाभर बैलाला पेंड चारतो, अंगाला तेल लावतो, लंगडा पाय मातीत रोवून उभा करतो. घेणारा आधी जबडा उघडून दात बघतो. दातानं वय कळतं. पण जाणता गिऱ्हाईक तेवढ्यावर थांबत नाही. तो म्हणतो, 'जरा चालवून दाखवा.'

2009 साली आमच्या पासिंगला असाच एक साहेब आला. तोवर बहुतेक साहेब गाडीभोवती एक फेरी मारायचे, हॉर्न वाजवायला लावायचे, दिवे, इंडिकेटर, वायपर बघायचे, चेसी नंबर ताडायचे आणि सही करायचे. शंभर गाड्यांच्या रांगेत दुसरं काय होणार म्हणा. हा तरुण होता, अंगानं किडकिडीत. त्यानं टायर बघितले, काही बोलला नाही. स्टेअरिंग डावी-उजवी हलवून ढिल किती ते बघितली. नियमानं ती तीस अंशांपर्यंत चालते. आमची त्यात बसली. मग त्यानं दार उघडलं आणि आबांना म्हणाला, "मामा, तिकडं सरका."

आबा सरकले. मी मागच्या सीटवर. त्यानं मैदानाच्या कडेनं गाडी तिसऱ्या गिअरपर्यंत नेली, ब्रेक दाबला आणि दोन्ही हात स्टेअरिंगवरून उचलले. गाडी थांबली, पण तोंड उजवीकडं फिरवून. त्यानं पुन्हा तसंच केलं. पुन्हा उजवीकडं.

"साहेब, मैदानच उतरतं हाय तिकडं," आबा म्हणाले.

त्यानं गाडी वळवली आणि उलट्या दिशेनं तेच केलं. गाडी पुन्हा तिच्या उजव्या अंगालाच गेली.

"गाडी माझ्या हातची हाय साहेब. दरसाल पास व्हायलीय."

"दरसाल झाली असेल. मामा, मोकळी असून एवढी ओढते. सोळा टनाला घाटात काय करील?"

कागदावर त्यानं शेरा मारला आणि पुढच्या गाडीकडं गेला. आबा तिथंच उभे. त्यांचा अपमान झाला होता आणि तो पैशाचा नव्हता. तीस वर्षं स्टेअरिंगवर बसलेल्या माणसाला एका पोरानं दोन मिनिटांत सांगितलं होतं की तुझी गाडी तुला कळली नाही. खरं तर आबांना ती कळली होती, हे मला पुढं उमगलं. गेले काही महिने ब्रेक दाबताना ते स्टेअरिंग नकळत डावीकडं धरत होते. हातानं खोट सांभाळून घेतली होती, म्हणून मनाला ती दिसत नव्हती. बैल एका अंगाला ओढायला लागला की गाडीवान कासरा तसा धरतो आणि चार दिवसांत विसरून जातो, तसंच.

गाडी थेट नांदेडला नेली, आबांच्या जुन्या उस्तादाकडं. त्यानं डाव्या पुढच्या चाकाचा हब उघडला. आतलं सील गेलेलं. हबमधलं ग्रीस पाझरून लायनरवर बसलेलं. ब्रेक दाबला की उजवं चाक धरायचं आणि डावं घसरायचं. उस्तादानं लायनर बोटांनी चोळलं आणि बोटं आबांपुढं धरली.

"आबा, हे लायनर नाही, साबण झालंय."

मग ड्रम उजेडात फिरवला तर आत केसासारखी एक चीर. त्या आठवड्यात आम्हाला लातूरहून तुरीची डाळ घेऊन पुण्याला जायचं होतं, मांजरसुंब्याचा घाट उतरून. आबा बराच वेळ ड्रमकडं बघत बसले. नवा ड्रम, दोन्ही बाजूंची लायनर, सील, मजुरी. शिवाय चार दिवस गाडी उभी, भाडं दुसऱ्यानं नेलं. आईनं पाटल्या मोडल्या. मोडल्या हा शब्द घरात कुणी उच्चारला नाही, 'ठेवायला दिल्यात' म्हणाले.

पाचव्या दिवशी गाडी पुन्हा नेली. साहेब तोच. त्यानं पुन्हा हात सोडून ब्रेक मारला. गाडी सुतात थांबली. त्यानं सही केली. त्या संध्याकाळी आबांनी पासिंगचे टायर परत नेऊन ठेवले आणि आपला वाटा सोडला. पुढल्या वर्षी ते पुढचे टायर स्वतःचे, नवे घालून गेले. बाकी दोघांनी चेष्टा केली, "आबा साहेबाचे जावई झाले."

असले साहेब थोडे. तपासणी माणसाच्या मर्जीवर आणि मैदानाच्या लांबीवर सोडली की काय होतं, ते पुढं कोर्टातही गाजलं. पुण्याच्या एका नागरिकाच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं राज्यातल्या परिवहन कार्यालयांना ब्रेक तपासायला 250 मीटरचा ट्रॅक पाहिजेच म्हणून बजावलं. जिथं ट्रॅक नाही तिथलं पासिंग बंद ठेवायला लावलं. तेव्हा राज्यात कित्येक ट्रकवाल्यांना आपला जिल्हा सोडून शेजारच्या जिल्ह्यात गाडी न्यावी लागली. ट्रकवाल्यांनी शिव्या दिल्या. मी दिल्या नाहीत, मी तो ड्रम बघितला होता.

पण शिव्या देण्यासारखंही बरंच होतं. डिसेंबर 2016 च्या केंद्राच्या नियमात दाखला संपल्यापासून दिवसाला 50 रुपये जादा शुल्क आलं. इंजिन उघडून तीन महिने गाडी गॅरेजात उभी, एक पैशाची कमाई नाही, आणि वर साडेचार हजार. 2024 साली रिक्षावाल्यांनी, टॅक्सीवाल्यांनी यावर आंदोलनं केली, तेव्हा राज्य सरकारनं ते थांबवलं. आणि 1 एप्रिल 2022 पासून पंधरा वर्षांवरच्या जड मालगाडीच्या दाखल्याचं शुल्क 12,500 रुपये झालं. तोवर ते हजाराच्या आसपास होतं. यामागचा हेतू उघड आहे. जुन्या गाड्या रस्त्यावरून जाव्यात, धूर कमी व्हावा. हेतूशी माझं भांडण नाही. पण बाद करायची ती नादुरुस्त गाडी की गरिबाची गाडी, हा फरक शुल्काला करता येत नाही. आबांच्या साहेबाला तो करता येत होता, आणि त्यासाठी त्यानं फक्त दोन हात उचलले होते.

आमची सोळा-तेरा तेव्हा सव्वीस वर्षांची होती. एक वर्षाच्या दाखल्याला बारा हजार, पर्यावरण कर, इन्शुरन्स, शिवाय खाली दुरुस्ती. मोठ्या भावानं हिशेब मांडला आणि गाडी भंगारात दिली. नोंदणी रद्द करायला चेसी नंबरचा तुकडा कापून जमा करावा लागतो. तो कापताना आबा गेले नाहीत. मी गेलो. गॅस कटरच्या उजेडात तो पुसट आकडा चांगला वाचता आला.

आता तपासणी यंत्रावर आणायचं चाललं आहे. 2021 च्या सप्टेंबरात स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम निघाले. जड वाहनांना तिथंच जाणं सक्तीचं करायची तारीख 1 एप्रिल 2023 ठरली होती, ती पुढं ढकलली गेली. महाराष्ट्रात असलं केंद्र नाशिकला आधीपासून आहे. माझा पुतण्या तिकडं कांद्याची गाडी चालवतो, पंधराच्या पासिंगची. चाकं रोलरवर चढवतात, रोलर फिरतात, ब्रेक दाबायचा, आणि कुठलं चाक किती धरतं ते पडद्यावर आकड्यांत येतं.

गेल्या खेपेला त्याची गाडी पास झाली तेव्हा त्यानं घरी फोन केला. आबा आता पंच्याहत्तरीच्या पुढं आहेत, ऐकू कमी येतं. मी फोन त्यांच्या कानाला लावला. पुतण्या मोठ्यानं म्हणाला, "आबा, पास झाली गाडी."

"त्ये कळलं. डाव्या-उजव्यात फरक किती आला, त्ये सांग."

पुतण्याला ते बघितल्याचं आठवत नव्हतं. "कागद गाडीत हाय," म्हणाला.

"मग जा अन् आण. मी धरतो फोन."