आबे, एर्न्स्ट
(२३ जानेवारी १८४०—१४ जानेवारी १९०५). जर्मन भौतिकशास्त्रज्ञ, प्रकाशीय उपकरणांचे संशोधक व येना येथील कार्ल झाइस उद्योगाचे संचालक. जन्म आयझेनाख येथे, सूतगिरणीतील कामगाराच्या घरी. येना व गटिंगेन येथे शिक्षण. १८६३ पासून येना विद्यापीठात अध्यापन. शास्त्रज्ञ, कारखानदार आणि कामगारांचा कैवारी असे त्यांच्या चरित्राचे तीन तुकडे पाडले, की त्यांतला मुख्य धागाच सुटतो. अंदाजावर चाललेली गोष्ट हिशोबावर आणायची, हा त्यांचा आग्रह तिन्ही ठिकाणी तोच होता.

उद्योगाचे संस्थापक कार्ल झाइस यांनी १८६६ मध्ये त्यांना बोलावले, तेव्हा सूक्ष्मदर्शकाची भिंगे कारागिरांच्या अनुभवावर, करून पाहत जुळवली जात. आबे यांनी गणिताने आखलेली सुरुवातीची वस्तुभिंगे मात्र जुन्या भिंगांपेक्षा कमी तपशील दाखवू लागली. दोष टाळण्यासाठी त्यांनी भिंगात शिरणारा प्रकाशशंकू अरुंद ठेवला होता. येथे सिद्धांत हरला व कारागिरी जिंकली, असे म्हणता आले असते. आबे यांनी त्या अपयशाचेच कारण शोधले. बारीक रचनेमुळे विवर्तन पावलेला प्रकाश भिंगात पोचला नाही, तर ती रचना प्रतिमेत उमटतच नाही, हा त्यांचा १८७३ चा सिद्धांत. साध्या प्रकाशात तरंगलांबीच्या सुमारे निम्म्याहून बारीक तपशील सुटे दिसणार नाहीत, हेही त्यातून ठरले. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्स स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षावर आले होते, म्हणून मर्यादेच्या शोधाचे सारे श्रेय आबे यांना देता येत नाही. परंतु तो सिद्धांत काचेत उतरवला आबे यांनीच: काचतज्ज्ञ ओटो शॉट यांच्यासह १८८४ मध्ये काचकारखाना उभारून नव्या जातीच्या काचा घडवल्या आणि १८८६ मध्ये रंगदोष जवळजवळ नाहीसा करणारी वस्तुभिंगे बाजारात आणली.

झाइस यांच्या मृत्यूनंतर १८८९ मध्ये आबे यांनी कार्ल झाइस प्रतिष्ठान स्थापले व पुढे स्वतःची मालकीही त्याला देऊन टाकली. भरपूर नफ्यातून केलेला हा दानधर्म होता, हा आक्षेप टिकत नाही. १८९६ च्या नियमावलीने निवृत्तिवेतन कामगारांचा कायदेशीर हक्क ठरवले आणि संचालकांच्या पगारालाही कामगारांच्या सरासरी कमाईच्या दहापट अशी कमाल मर्यादा घातली. कामगार समितीला मत मांडता येई, निर्णय मात्र व्यवस्थापनाचाच राही. ही उणीव खरी आहे. १९०० मध्ये कामाचे तास नऊवरून आठ केल्यावर आबे यांनी उक्त्या कामाच्या कमाईचे आकडे तपासले. उत्पादन टिकायला दर तासाचे काम साडेबारा टक्क्यांनी वाढणे पुरेसे होते. प्रत्यक्षात ते त्याहून अधिक वाढले. झाइस व शॉट या दोन्ही कंपन्यांची मालकी आजही त्या प्रतिष्ठानाकडेच आहे.