थायरॉइडच्या गाठी व कर्करोग

गळ्याच्या पुढच्या बाजूस श्वासनलिकेला लगटून असलेल्या थायरॉइड ग्रंथीत होणाऱ्या गाठी. हाताला लागेल एवढी गाठ शंभर प्रौढांपैकी चार-पाच जणांत असते. सोनोग्राफीत ती कितीतरी अधिक जणांत, विशेषतः स्त्रियांत, दिसते. यांपैकी कर्करोगाच्या साधारण ५ ते १० टक्केच.

निदानाची सुरुवात रक्तातील टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) आणि सोनोग्राफीने होते. टीएसएच कमी असल्यास गाठ जादा संप्रेरक तयार करते का, हे पाहण्यासाठी आयसोटोप स्कॅन करतात. अशी गाठ क्वचितच कर्करोगाची निघते. गाठ सोनोग्राफीत काळसर, वेड्यावाकड्या कडांची, चुन्याचे बारीक कण असलेली वा रुंदीपेक्षा उंच दिसली, तर संशय बळावतो. मग सुईने पेशी काढून तपासतात (एफएनएसी). अहवाल बेथेस्डा पद्धतीने सहा गटांत देतात. दुसरा गट निरुपद्रवी, सहावा कर्करोगाचा. खरी पंचाईत तिसऱ्या-चौथ्या, म्हणजे अनिश्चित गटांची. फॉलिक्युलर कर्करोगाच्या पेशी साध्या गाठीसारख्याच दिसतात. रोग गाठीचे वेष्टन भेदून गेला का, हे गाठ काढल्यावरच कळते.

सर्वाधिक आढळणारा पॅपिलरी कर्करोग बहुधा मंदगती असतो. मेड्युलरी काही घराण्यांत आनुवंशिक. ॲनाप्लास्टिक विरळा, पण अतिशय घातक.

दक्षिण कोरियात सरसकट सोनोग्राफी सुरू झाल्यावर २०११ मध्ये या कर्करोगाच्या निदानांचे प्रमाण १९९३ च्या पंधरापट झाले. मृत्यूंचे प्रमाण मात्र जवळपास तेवढेच राहिले. म्हणजे अनेकांची शस्त्रक्रिया अनावश्यक होती. जपानमध्ये कोबेच्या कुमा रुग्णालयाने १९९३ पासूनच एक सेंटीमीटरपर्यंतचे, कमी जोखमीचे पॅपिलरी कर्करोग न कापता नियमित तपासणीखाली ठेवले. त्यांतले बहुतेक वाढलेच नाहीत.

इतर रुग्णांत अर्धी किंवा पूर्ण ग्रंथी काढतात. स्वरयंत्राची नस आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथी जपणे हे शल्यविशारदाचे कसब. पूर्ण ग्रंथी काढल्यावर थायरॉक्सिनची गोळी जन्मभर घ्यावी लागते. पॅपिलरी व फॉलिक्युलर कर्करोगात जोखीम अधिक असल्यास किरणोत्सारी आयोडीन देतात. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये हे उपचार होतात.

कोणतीही तक्रार नसताना थायरॉइडची सोनोग्राफी करून घेऊ नये. गाठ भराभर वाढली, आवाज बसला किंवा गिळताना अडू लागले, तर मात्र तपासणी लांबवू नये.