व्हिक्टोरिया वसाहतीतील सुवर्णशोध : सरकारी नियम व साहाय्य

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागातील व्हिक्टोरिया या ब्रिटिश वसाहतीत इ.स. १८५१ मध्ये सोने सापडले. त्यानंतर तेथील सरकारने सोने शोधणाऱ्यांसाठी परवाने, शुल्के व निर्बंध लागू केले. त्याचबरोबर नवे सुवर्णक्षेत्र दाखवून देणाऱ्यांना बक्षिसे व सवलतीही दिल्या. सरकारने कर सोने शोधण्याच्या श्रमावर घ्यावा की हाती आलेल्या सोन्यावर, हा या नियमांच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होता. इ.स. १८५१ ते १८५५ या काळात कर श्रमावर होता. इ.स. १८५४ च्या युरेका उठावानंतर त्याचा मुख्य भार सोन्यावर टाकण्यात आला आणि खाणकामगारांना मताधिकार मिळाला.

कायदेशीर पार्श्वभूमी

सोन्याचांदीच्या खाणी, त्या कोणाच्याही जमिनीत असल्या तरी, राजसत्तेच्या मालकीच्या असतात, हे तत्त्व इंग्लंडमध्ये इ.स. १५६८ च्या एका न्यायालयीन निकालाने प्रस्थापित झाले होते. ब्रिटिश वसाहतींत तेच तत्त्व लागू करण्यात आले. परवान्याशिवाय काढलेले सोने ही कायद्याच्या दृष्टीने राजसत्तेच्या मालमत्तेची चोरी ठरत असे. ज्या भूमीवर हे खाणकाम चालले, ती वाडावुरुंग, जा जा वुरुंग इत्यादी आदिवासी समाजांची होती. परवान्याच्या व्यवस्थेत त्यांच्या हक्काला कोणतेही स्थान नव्हते.

शोधासाठी बक्षिसे

शेजारच्या न्यू साउथ वेल्स वसाहतीत एडवर्ड हारग्रेव्ह्‌ज यांनी फेब्रुवारी १८५१ मध्ये बाथर्स्टजवळ सोने शोधून काढले. त्या सरकारने त्यांना १०,००० पौंडांचे बक्षीस दिले. या वार्तेने मेलबर्नमधील मजूर व कारागीर न्यू साउथ वेल्सकडे जाऊ लागले. त्यांना थोपवण्यासाठी मेलबर्नमधील नागरिकांच्या समितीने जून १८५१ मध्ये शहरापासून २०० मैलांच्या आत सोने दाखवून देणाऱ्यास २०० गिनींचे बक्षीस जाहीर केले. त्याच वर्षाच्या जुलैपासून क्लून्स, वॉरनडाइट व बुनिन्याँग येथील शोध एकामागून एक प्रसिद्ध झाले.

पुढे व्हिक्टोरियाच्या विधान परिषदेच्या समितीने बक्षिसांच्या दाव्यांची छाननी केली. जेम्स एसमंड, लुई मिशेल व त्यांचे साथीदार आणि टॉमस हिस्कॉक यांना प्रत्येकी १,००० पौंड, तर हारग्रेव्ह्‌ज यांना ५,००० पौंड द्यावेत, अशी शिफारस तिने केली. हारग्रेव्ह्‌ज यांना प्रत्यक्षात यापैकी २,३८१ पौंडच मिळाले. न्यू साउथ वेल्समधील त्यांचे सहकारी जॉन लिस्टर व टॉम बंधू यांनी प्रथम शोधाचे श्रेय आपले असल्याचा दावा अनेक वर्षे चालवला. शेवटी इ.स. १८९० मध्ये तेथील विधिमंडळाच्या समितीने तो मान्य केला.

मासिक परवाना (१८५१–१८५५)

व्हिक्टोरिया १ जुलै १८५१ रोजी न्यू साउथ वेल्सपासून वेगळी झाली. लेफ्टनंट गव्हर्नर चार्ल्स ला ट्रोब यांनी ऑगस्टमध्ये जाहीरनामा काढून १ सप्टेंबरपासून परवाना सक्तीचा केला. त्याचे शुल्क दरमहा ३० शिलिंग, म्हणजे दीड पौंड होते. परवान्यामागे सरकारचे दोन हेतू होते. सुवर्णक्षेत्रांवरील पोलीस व प्रशासन यांचा खर्च त्यातून भागवायचा होता. शिवाय शेते व मेंढपाळी सोडून मजूर सोन्याच्या मागे धावू नयेत, यासाठी शुल्काचा अडसरही उभा करायचा होता.

परवान्याच्या मुख्य अटी पुढीलप्रमाणे होत्या :

• परवाना व्यक्तीच्या नावे असे. तो दुसऱ्यास देता येत नसे.
• खाणकाम करताना तो जवळ बाळगणे बंधनकारक होते.
• रविवारी खाणकामास मनाई होती.
• इ.स. १८५३ च्या नियमांनुसार एका व्यक्तीस १२ फूट लांब व १२ फूट रुंद, तर चार जणांच्या गटास २४ फूट लांब व २४ फूट रुंद जागा मिळे. त्याहून मोठी जागा एका दाव्यात मिळत नसे.
• सोने सापडो वा न सापडो, शुल्क भरावेच लागे.

यांतील शेवटची अट सर्वांत जाचक ठरली. ओढ्याकाठच्या उथळ गाळात सोने काही दिवसांत हाती लागे. परंतु बॅलराट येथे ते प्राचीन नद्यांच्या जमिनीखाली गाडल्या गेलेल्या पात्रांत होते. तेथपर्यंत पोहोचण्यासाठी १०० फुटांहून खोल विहिरी खणाव्या लागत आणि त्यास कित्येक महिने लागत. या काळात उत्पन्न शून्य असूनही प्रत्येक महिन्याचा परवाना घ्यावाच लागे. श्रीमंत जमीनदार सरकारी कुरणांसाठी नाममात्र शुल्क देत, ही तुलना खाणकामगारांच्या सभांतून वारंवार केली जाई.

अंमलबजावणी व विरोध

परवाने तपासण्यासाठी पोलीस सुवर्णक्षेत्रांवर अचानक छापे घालत. परवाना नसल्यास पहिल्या गुन्ह्यास ५ पौंड दंड होई आणि दंडाचा अर्धा वाटा पकडून देणाऱ्यास मिळे. त्यामुळे तपासणीला शिकारीचे स्वरूप आले. खोल विहिरीत चिखलात काम करणाऱ्याचा परवाना तंबूत राहिला, तरी त्यास अटक होत असे.

डिसेंबर १८५१ मध्ये सरकारने शुल्क दुप्पट, म्हणजे ३ पौंड करण्याचे जाहीर केले. १५ डिसेंबर रोजी फॉरेस्ट क्रीक येथे हजारो खाणकामगारांची निषेध सभा झाली आणि वाढ मागे घेण्यात आली. इ.स. १८५३ मध्ये बेंडिगो येथून ५,००० हून अधिक सह्यांचा अर्ज ला ट्रोब यांना सादर झाला. त्यात शुल्क दरमहा १० शिलिंग करण्याची मागणी होती. आंदोलक टोपीवर तांबडी फीत लावत, म्हणून हे आंदोलन ‘रेड रिबन’ नावाने ओळखले जाते. वर्षअखेर शुल्क एका महिन्यास १ पौंड, तीन महिन्यांस २ पौंड, सहा महिन्यांस ४ पौंड व वर्षास ८ पौंड असे उतरवण्यात आले.

युरेका उठाव

जून १८५४ मध्ये गव्हर्नरपदावर आलेल्या सर चार्ल्स हॉथम यांनी खजिन्यातील तूट भरून काढण्यासाठी आठवड्यातून दोनदा परवाने तपासण्याचा आदेश दिला. नोव्हेंबरमध्ये बॅलराट येथे ‘बॅलराट रिफॉर्म लीग’ची स्थापना झाली. परवाना रद्द करण्याबरोबरच सर्व पुरुषांना मताधिकार मिळावा, ही तिची मागणी होती. २९ नोव्हेंबरच्या सभेत अनेकांनी आपले परवाने जाळले. दुसऱ्याच दिवशी पुन्हा तपासणी झाल्यावर पीटर लॉलर यांच्या नेतृत्वाखाली खाणकामगारांनी युरेका येथे लाकडी कोट उभारला. ३ डिसेंबरच्या पहाटे सैन्य व पोलीस यांनी त्यावर हल्ला केला. त्यात किमान २२ खाणकामगार व काही सैनिक मृत्युमुखी पडले. राजद्रोहाच्या आरोपाखाली उभे केलेले १३ जण इ.स. १८५५ च्या प्रारंभी ज्यूरीसमोर निर्दोष सुटले.

खाणकाम हक्कपत्र

मार्च १८५५ मध्ये चौकशी आयोगाने परवाना रद्द करण्याची शिफारस केली. त्यानुसार झालेल्या कायद्याने वर्षाला १ पौंड शुल्काचे ‘मायनर्स राइट’, म्हणजे खाणकाम हक्कपत्र सुरू केले. हक्कपत्रधारकास सोने काढण्याचा, राहण्यासाठी सरकारी जमीन वापरण्याचा आणि विधान परिषदेच्या निवडणुकीत मत देण्याचा अधिकार मिळाला. महसुलासाठी निर्यात होणाऱ्या सोन्यावर प्रतिऔंस २ शिलिंग ६ पेन्स कर बसवण्यात आला. ज्याला सोने मिळाले नाही, त्याच्यावर या कराचा बोजा पडत नसे. जागेचे तंटे सोडवण्यासाठी खाणकामगारांनी निवडलेली स्थानिक न्यायालये स्थापन झाली. नोव्हेंबर १८५५ मध्ये स्वतः लॉलर विधान परिषदेवर निवडून आले.

ही उदारता सर्वांच्या वाट्याला आली नाही. त्याच वर्षी झालेल्या दुसऱ्या कायद्याने समुद्रमार्गे येणाऱ्या प्रत्येक चिनी व्यक्तीवर १० पौंड कर बसवला. तो चुकवण्यासाठी हजारो चिनी लोक दक्षिण ऑस्ट्रेलियातील रोब बंदरात उतरून शेकडो मैल पायी चालत सुवर्णक्षेत्रांपर्यंत गेले.

शोधास उत्तेजन

उथळ गाळातील सोने सरत गेल्यावर नवी क्षेत्रे शोधणे सरकारला आवश्यक वाटू लागले. इ.स. १८६० मध्ये आल्फ्रेड हॉविट यांच्या नेतृत्वाखाली एक सरकारी शोधपथक गिप्सलँडच्या डोंगराळ प्रदेशात गेले व तेथे नवी सुवर्णक्षेत्रे उघडकीस आली. नवे क्षेत्र शोधणाऱ्यास इतरांपेक्षा मोठी जागा देण्याची पद्धतही ऑस्ट्रेलियाच्या वसाहतींत रूढ झाली. या सवलतीसाठी सरकारी तिजोरीतून रोख रक्कम द्यावी लागत नसे आणि शोध निष्फळ ठरल्यास सरकारचे नुकसानही होत नसे.

महत्त्व

खाणकाम हक्कपत्राची पद्धत पुढे न्यू साउथ वेल्स, न्यूझीलंड इत्यादी वसाहतींनी स्वीकारली. व्हिक्टोरियात लहान प्रमाणावर, हाती चालणाऱ्या अवजारांनी सोने शोधणाऱ्यांना आजही ‘मायनर्स राइट’ घ्यावे लागते. त्याची मुदत दहा वर्षांची असते. मताधिकार आता त्यावर अवलंबून नाही. परंतु नाव मात्र इ.स. १८५५ चेच राहिले आहे.