दोन लावण्या, एक मुंबई

ग्रँट रोडजवळच्या ‘पिला हाउस’ या नावाचे मूळ ‘प्ले हाउस’. तेथील थिएटरांत तमाशाचे फड रंगत. शाहीर पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांनी मुंबईवर रचलेली लावणी या शहराचा थाट आणि नवलाई गाते. रेठऱ्याचे कुलकर्णीपण सोडून तमाशात आलेल्या कवीला हे नगर असे दिसले, यात आश्चर्य नाही.

अण्णाभाऊ साठेही याच शहरात आले. पण वाटेगावहून, कोवळ्या वयात, पायी. पुढे गिरणीत राबले. १९४४ मध्ये अमर शेख आणि गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. त्यांची ‘मुंबईची लावणी’ बापूरावांना दिलेले उत्तर मानली जाते. ते खरे, तरी अपुरे. अण्णाभाऊंनी लावणीचा बाज टाकला नाही, प्रश्न मात्र बदलला: कोणत्या वस्तीत कोण राहते? उंचावर मलबार हिल, खाली परळ. ऐकणारे बहुतेक कामगार; दोन्हींतले अंतर त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीने हेच अंतर राज्याच्या नकाशावर नेले. गावी राहिलेली पत्नी आणि मुंबईतला चाकरमानी यांची ताटातूट, तशीच बेळगाव, कारवार, डांग, उंबरगावचीही. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटन परिसरात आंदोलकांवर गोळीबार झाला. तो चौक आज हुतात्मा चौक म्हणून ओळखला जातो.