कालव्यांवरच्या मालहोड्या

कालवा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे येते ते पाटाचे पाणी. धरणातून निघावे, चाऱ्यांत विभागावे आणि उसाच्या सरीत जिरून जावे, एवढेच त्याचे काम. इंग्लंडात मात्र कालवे खणले गेले ते शेते भिजवण्यासाठी नव्हे. तिकडे पावसाला काय तोटा! ते खणले माल वाहून नेण्यासाठी. त्या कालव्यांवर दोनशे वर्षे ज्या होड्या राबल्या, त्यांची हकीकत सांगण्याचे मी योजले आहे. पण त्याहूनही अधिक मला सांगावयाचे आहे ते त्या होड्या भंगारात निघाल्यानंतर त्यांचे काय झाले, हे.

सुरुवात १७६१ पासून करू. ब्रिजवॉटरचा ड्यूक म्हणून एक सरदार होता. मँचेस्टर शहरापासून काही मैलांवर वर्स्ली येथे त्याच्या कोळशाच्या खाणी होत्या. कोळसा होता, पण शहरात पोचवायचा कसा? रस्ते म्हणजे पावसाळ्यात नुसता चिखल. घोड्याच्या पाठीवर घालून न्यावा तर घोडा वाहणार किती? जेम्स ब्रिंडले या कारागिराच्या हातून ड्यूकने कालवा बांधून घेतला आणि मँचेस्टरात कोळशाचा भाव निम्म्यावर आला. यातले गणित मुलांना सांगण्यासारखे आहे. आपल्या बैलगाडीत साधारण टनभर ओझे घातले की बैलांच्या तोंडाला फेस येतो. तेच ओझे पाण्यावर ठेवा. पाणी ते तोलून धरते, जनावराला फक्त ओढायचे उरते. काठावरच्या वाटेने चालणारा एक घोडा दोरीने पंचवीस टनांची होडी ओढून नेई, आणि तीही रमतगमत.

पुढे ब्रिंडलेने ट्रेंट आणि मर्सी या दोन नद्यांना जोडणारा मोठा कालवा हाती घेतला. त्याचे काम १७६६ मध्ये सुरू झाले आणि १७७७ मध्ये पुरे झाले. वाटेत चढउतार होते. पाणी काही टेकडी चढत नाही, म्हणून जागोजाग दोन्ही टोकांना दरवाजे असलेले हौद बांधले. त्यांना लॉक म्हणतात. होडी हौदात घ्यावी, मागचा दरवाजा लावावा, वरचे पाणी आत सोडावे, म्हणजे होडी पाण्याबरोबर वर येते. पाण्याचा जिनाच म्हणा ना. खर्च आणि पाणी दोन्ही वाचावे म्हणून ब्रिंडलेने हे हौद अरुंद ठेवले आणि त्या एका निर्णयाने होडीचे माप कायमचे ठरून गेले : लांबी सुमारे ७० फूट, रुंदी जेमतेम ७ फूट. म्हणून तिला तिकडे नॅरोबोट, म्हणजे चिंचोळी होडी म्हणतात. एखादी आगगाडीची लांब पेटी पाण्यावर ठेवावी तशी ती दिसते.

या सत्तर फुटांत माणसाच्या वाट्याला किती आले, तर मागच्या टोकाला दहा फुटांच्या आतली एक खोली. बाकी सारी जागा मालाची. प्रारंभी नावाडी एकटे जात आणि बायकामुले घरी असत. पण १८३० च्या सुमारास आगगाडी आली, भाडी उतरली, मजूर ठेवणे परवडेना. तेव्हा पुष्कळ नावाड्यांनी घर मोडून बायकामुलांना होडीवरच आणले. त्या एका खोलीत शेगडी, घडीचा पलंग, फळीचे कपाट, आणि पाचसहा जीव! जन्म तिथे, मरण तिथे. आज ज्या रंगीत गुलाबांच्या आणि किल्ल्यांच्या चित्रांचे लोक एवढे कौतुक करतात, ती चित्रे त्या खोलीच्या दारांवर आणि पाण्याच्या डब्यांवर काढलेली असत. मला ती चित्रे पाहिली की आमच्याकडच्या खेड्यांतल्या सारवलेल्या भिंतींची आठवण होते. अडचणीतला संसारच असा टापटिपीचा हट्ट धरतो. होडी सतत चालती, त्यामुळे मुलांना शाळा नाही. १८७७ मध्ये कायदा झाला, होड्यांची नोंदणी सुरू झाली, खोलीत माणसे किती झोपावीत याला मर्यादा आली. पण पुष्कळ नावाड्यांना विसाव्या शतकातही लिहिता-वाचता येत नव्हते.

होड्या सुधारल्या. घोड्याच्या जागी काही ठिकाणी वाफेचे यंत्र आले, पण बाष्पपात्र आणि त्याचा कोळसा यांनीच मालाची बरीच जागा खाल्ली. मग १९१२ च्या सुमारास स्वीडनहून बोलिंडर नावाचे एका सिलिंडरचे तेलाचे इंजिन आले. ज्योतीने त्याचे डोके तापवायचे आणि मग ते टक्-टक् करीत सुरू व्हायचे. इंजिनाच्या होडीमागे बिनइंजिनाची दुसरी बांधीत. तिला बटी म्हणत. या जोडीत मिळून पन्नास टनांपर्यंत माल जाई, आणि तरीही सारे एकच कुटुंब सांभाळी. नवरा पुढच्या होडीवर, बायको मागच्या होडीच्या सुकाणूवर.

मोटारी आल्या, रस्ते झाले, आणि हा व्यवहार आटत गेला. १९४८ मध्ये इंग्लंडातले बहुतेक कालवे सरकारजमा झाले. १९६२-६३ चा हिवाळा तर काळ होऊन आला. आठवडेच्या आठवडे कालवे गोठून राहिले आणि गिऱ्हाइके मालमोटारींकडे गेली, ती परतलीच नाहीत. १९६३ मध्ये सरकारी मंडळाने आपली होड्यांची वाहतूक बहुतांशी बंद केली. शेकडो होड्या एकदम बिनकामाच्या! काही विकल्या, काही जाळल्या, काही दोन तुकडे करून घरासाठी वापरल्या. लंडनजवळ हेअरफील्ड येथे खडी काढून पाणी साठलेल्या खाणी आहेत. तिथे कित्येक होड्या नेऊन चक्क बुडवल्या.

बुडवणे हे क्रूर वाटते खरे. पण गंमत अशी की लाकडी होडीला पाण्याखाली राहणे तितके बाधत नाही, जितके काठावर वाळत पडणे बाधते. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल हवी, तशीच हवाही हवी. पूर्ण पाण्याखाली हवा नाही, म्हणून कूज मंदावते. उन्हात ठेवली की फळ्या आकसतात, सांधे उघडतात आणि पुन्हा पाण्यात सोडली तर चाळणीसारखी गळते. म्हणूनच जुन्या लाकडी होडीला शोभेची वस्तू म्हणून अंगणात मांडून ठेवणे म्हणजे तिला सावकाश मारणेच होय.

त्या काळी या होड्या विकत घेणारे लोक निघाले, ते काही श्रीमंत संग्राहक नव्हते. पुष्कळसे तरुण, हातात थोडे पैसे आणि डोक्यात वेड. वातावरण मात्र आधी तयार झालेले होते. एल. टी. सी. रोल्ट या इंजिनिअरने एका जुन्या मालहोडीत संसार थाटून कालव्यांतून प्रवास केला आणि १९४४ मध्ये ‘नॅरो बोट’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातून १९४६ मध्ये कालवे वाचवणारी संस्था उभी राहिली. आणि दैव पाहा, रोल्टची स्वतःची ‘क्रेसी’ ही होडी मात्र १९५१ मध्ये कुजून निकामी ठरली. कालवे वाचले, होडी गेली.

होडी विकत घेतल्यावर पहिला प्रश्न : ही कोणती? रंग चारदा बदललेले, नाव पुसलेले, कधी अर्धी कापलेली. येथे इतिहासाचा विद्यार्थी खूष व्हावा असे साधन हाती लागते. कालव्यावर जकात मालाच्या वजनावर असे. म्हणून प्रत्येक होडी मोजून ठेवलेली होती : इतके टन घातले की काठ पाण्यापासून इतके इंच वर राहतो. जकातीचा कारकून काठीने इंच मोजी आणि कोष्टक पाहून वजन सांगे. त्या मोजणीच्या वह्यांतून आणि नोंदणीच्या क्रमांकांतून होडीची जन्मपत्रिका मिळते. पैसे वसूल करण्यासाठी लिहिलेला कागद असा इतिहासाच्या कामी येतो. आपल्याकडच्या जमाखर्चाच्या चोपड्या रद्दीत घालण्यापूर्वी गुरुजींनी एकदा उघडून पाहाव्यात.

दुसरा प्रश्न दुरुस्तीचा. बाजू ओकच्या, तळ एल्मचा. एल्म म्हणजे आपल्या वावळीच्या कुळातले झाड. त्याचे लाकूड सतत ओले राहिले तर फार टिकते. पण १९७० नंतर एका रोगाने इंग्लंडातली एल्मची झाडे लाखांनी मेली आणि तळाच्या फळ्या मिळणे मुश्कील झाले. फळ्यांच्या फटींत जुन्या दोरांचे पिंजलेले तंतू ठोकतात, वर डांबर ओततात. बाजूंना लावायचा लेप तर ऐका : डांबर, गाईचे केस आणि घोड्याची लीद, एकत्र तापवून! आमच्या शेणमातीच्या गिलाव्याचा हा साता समुद्रांपलीकडला भाऊच.

अशी एकेक फळी बदलता बदलता मूळचे लाकूड उरतच नाही. मग होडी तीच का? ‘रेमंड’ नावाची बटी १९५८ मध्ये ब्राउन्स्टन येथे बांधली गेली. माल वाहण्यासाठी बांधलेल्या बिनइंजिनाच्या लाकडी नॅरोबोटींपैकी ती शेवटची. १९७० च्या ऑक्टोबरात साउथॉलच्या मुरंब्याच्या कारखान्यात कोळसा पोचवणारी शेवटची खेप झाली, तीत ती होती. पुढे ती इतकी खिळखिळी झाली की जतन करणाऱ्यांना ती जवळजवळ नव्याने बांधावी लागली. काही पंडित म्हणतात, ही रेमंड नव्हे, रेमंडची नक्कल. मला हे पटत नाही. आजोबांच्या बैलगाडीची चाके बापाने बदलली, जू मुलाने बदलले, साटा नातवाने बदलला. तरी गाडी आजोबांचीच म्हणतो ना आपण? कारण ती कधी अडगळीत पडली नाही. मात्र कापलेल्या होडीवर बंगल्यासारखी पूर्ण लांबीची खोली बांधून तिला ऐतिहासिक म्हणणे, हे मला रुचत नाही. मालाची जागा गेली की मालहोडी गेली.

वाफेच्या होड्यांपैकी ‘प्रेसिडेंट’ची कथा अशीच. बर्मिंगहॅमजवळ १९०९ मध्ये बांधलेली. १९२५ मध्ये वाफेचे यंत्र काढून तेलाचे बसवले. पुढे नुसता सांगाडा उरला, तो हौशी माणसांनी १९७० नंतरच्या दशकात घेऊन पुन्हा वाफेवर चालता केला आणि १९८३ मध्ये तो ब्लॅक कंट्री संग्रहालयाकडे गेला. १९७६ मध्ये एल्समिअर पोर्ट येथे होड्यांचे मोठे संग्रहालय उघडले. पण लाकडी होड्या घेणे सोपे आणि सांभाळणे कठीण, हे संग्रहालयांनाही लवकरच कळून चुकले. दरवर्षी थोडे लाकूड, थोडे डांबर, आणि सुतारकाम जाणणारे हात. तीन्हींपैकी तिसरी गोष्टच सर्वांत दुर्मिळ.

ब्राउन्स्टन येथे जून महिन्यात अशा होड्यांचा मेळा भरतो. बोलिंडरांची टक्-टक् दुरून ऐकू येते. मूळच्या जोड्या, इंजिनाची होडी आणि तिची बटी, वेगवेगळ्या मालकांकडून गोळा करून पुन्हा एकत्र बांधलेल्या दिसतात. जुन्या नावाडी घराण्यांतली माणसेही येतात. ज्या खोलीत आपली आई वाढली, ती खोली दुसऱ्याच्या मालकीची, नव्या रंगाने झळकणारी पाहून त्यांना काय वाटत असेल? पितळी कड्या चकचकीत आहेत, पण आत पाच मुले नाहीत, ओले कपडे नाहीत, पहाटे चारला उठणे नाही. जतन करणाऱ्यांनी हे विसरू नये असे मला वाटते, आणि त्यांच्यातले चांगले लोक ते विसरतही नाहीत.

रिकामी मालहोडी पाण्यावर उंच, डोलत चालते. वाऱ्याच्या झुळकेसरशी आडवी होते. माल भरला की ती खाली बसते आणि सुकाणूला वळते. आजही काही जुन्या होड्या कालव्यावर घरे करून राहणाऱ्यांना कोळशाच्या गोण्या, डिझेल आणि गॅसची नळकांडी विकत फिरतात. हिवाळ्याच्या सकाळी अशी होडी वळणावरून येते, काठाच्या घरहोडीतून कुणीतरी हात वर करते, आणि ती थांबते.