घोड्याच्या रक्ताची साक्ष

घोड्याला उत्तेजक चारण्याची रीत शर्यतीच्या मैदानापेक्षा जुनी आहे. मुंबई इलाख्याच्या सेवेत भूजला असलेले शल्यवैद्य जेम्स बर्न्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एका कच्छी स्वाराची हकिकत नोंदवली. रात्रीच्या मजलेने थकलेल्या त्या स्वाराने जवळची अफू निम्मी स्वतः खाल्ली, निम्मी घोड्याला चारली आणि पुढचा लांबचा पल्ला गाठला. त्यात फसवणूक कोणाचीच नव्हती. घोड्यावर पैसा लागू लागला, तेव्हा हीच गोष्ट गुन्हा ठरली.

मुंबईत हा पैसा लवकर आला. बॉम्बे टर्फ क्लब १८०२ मध्ये स्थापन झाला. शर्यती आधी भायखळ्याला होत. १८८३ मध्ये त्या महालक्ष्मीला आल्या. १९३५ मध्ये क्लबच्या नावामागे ‘रॉयल’ लागले आणि १९४३ पासून इंडियन डर्बी सुरू झाली. हिवाळ्यात मुंबई आणि पावसाळ्यात पुणे असा हंगामही ठरून गेला. मोतद्दार, जॉकी, ट्रेनर, मालक आणि बुकी यांची एक साखळीच या दोन शहरांत उभी राहिली, आणि त्यातल्या कोणाही एकाचा हात घोड्याच्या तोंडापर्यंत पोहोचू शकत होता.

बंदी मात्र इंग्लंडमध्ये आधी आली. अमेरिकी ट्रेनर कोकेनसारखी द्रव्ये देऊन सामान्य घोडे जिंकवतात, हे पटवण्यासाठी जॉर्ज लॅम्बटन या ट्रेनरने आपल्याच कुचकामी घोड्यांना उघडपणे उत्तेजक दिले आणि ते जिंकले. १९०३ मध्ये जॉकी क्लबने बंदी घातली. पण बंदीला पुरावा लागतो. तो १९१० च्या सुमारास व्हिएन्नात मिळाला. तिथे घोड्याच्या लाळेतून अल्कलॉइड शोधण्याची रासायनिक कसोटी सुरू झाली. पुढे लाळेची जागा मुख्यतः मूत्राने घेतली. स्ट्रिक्निन, मॉर्फिन, कोकेन ही द्रव्ये घोड्याच्या शरीरात आपोआप तयार होत नाहीत, म्हणून ती सापडली की निकाल लागे.

संप्रेरकांनी हा सरळ हिशेब मोडला. टेस्टोस्टेरॉन हे स्नायू वाढवणारे द्रव्य घोड्याचे शरीर स्वतःच बनवते. नँड्रोलोन तर माणसात बाहेरून दिलेले औषध समजले जाते. पण न खच्ची केलेल्या नर घोड्याच्या शरीरात ते निसर्गतः सापडते. इथे ‘आहे की नाही’ हा प्रश्न निरुपयोगी ठरला. ‘किती आहे आणि एवढे असायला हवे का’ असे विचारावे लागले. रक्तातील जैविक खुणांचा, म्हणजे बायोमार्करचा, इतिहास या प्रश्नापासून सुरू होतो.

इतकी सूक्ष्म मोजणी शक्य झाली ती प्रतिपिंडांमुळे. प्रतिपिंड आणि घोड्याचे रक्त यांचे नाते महाराष्ट्राला चांगले ठाऊक आहे. परळच्या हाफकिन संस्थेत घोड्यांच्या रक्तापासून सर्पदंशावरचे प्रतिविष बनत असे. पुण्याच्या पूनावाला स्टड फार्ममधले निवृत्त घोडेही तिथे दिले जात; त्याच अनुभवातून १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. न्यूयॉर्कमध्ये रोझालिन यालो आणि सॉलोमन बेरसन यांनी प्रतिपिंडाला किरणोत्सारी खूण लावलेल्या संप्रेरकाची जोड दिली, आणि रक्तातले अत्यल्प संप्रेरक मोजणारी रेडिओइम्युनोअसे ही पद्धत जन्मली. यालो यांना १९७७ मध्ये नोबेल मिळाले.

या पद्धतीचे मुंबईतले घर चेंबूरच्या शेजारी आहे. चेंबूर ओलांडून अणुशक्तीनगरकडे गेले की ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र लागते. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्रात ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली, १९६० मध्ये सायरस आली, आणि किरणोत्सारी समस्थानिके देशातच तयार होऊ लागली. थायरॉइडची संप्रेरके मोजणारे रेडिओइम्युनोअसेचे संच याच परंपरेतले. १९८९ पासून त्यांचा पुरवठा ‘ब्रिट’ या स्वतंत्र मंडळाकडे आला. संच माणसांच्या रुग्णालयांसाठी होते. मात्र तत्त्व तेच होते, ज्याच्या आधारे ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात घोड्यांतील स्टेरॉइडची चाचणी सुरू झाली. ट्रॉम्बेत समस्थानिके मोजण्यासाठी मास स्पेक्ट्रोमीटरही बांधले गेले. हेच यंत्र आता डोप चाचणीचा कणा आहे. कार्बनच्या दोन समस्थानिकांच्या प्रमाणावरून स्टेरॉइड शरीरातले की कारखान्यातले, हेही ते सांगते.

तरी एरिथ्रोपोएटिन म्हणजे ईपीओ आले आणि सगळे पुन्हा अवघड झाले. टोचलेले ईपीओ रक्तातून काही दिवसांत नाहीसे होते. त्याने वाढवलेल्या तांबड्या पेशी आठवडेच्या आठवडे टिकतात. मग पेशीच का मोजू नयेत? सायकलपटूंसाठी १९९७ मध्ये रक्तातील तांबड्या पेशींच्या प्रमाणाची ५० टक्के ही मर्यादा ठरली होती. घोड्याला ती लागू पडत नाही, आणि याचे कारण त्याच्या प्लीहेत आहे. घोड्याची प्लीहा तांबड्या पेशींचे भांडार असते. विश्रांतीत चाळीस टक्क्यांच्या आसपास असलेले हे प्रमाण घोडा नुसता बिथरला तरी वाढते, आणि जोरात धावला की साठीच्या पुढे जाते. एका थेंबावरून इथे काहीच सिद्ध होत नाही. दुसरीकडे, माणसासाठी बनवलेल्या ईपीओविरुद्ध घोड्याचे शरीर प्रतिपिंडे बनवते. ती स्वतःच्या ईपीओवरही उलटतात आणि घोडा जीवघेण्या रक्तक्षयाने मरू शकतो. ही प्रतिपिंडे औषध निघून गेल्यावरही उरतात आणि गुन्ह्याची खूण ठरतात. या व्यापारातली क्रूरता इथे सर्वांत उघडी पडते, कारण मुक्या जनावराचे आजारपणच तेवढे पुरावा म्हणून हाती लागते.

काही खुणा साध्या आहेत. शर्यतीआधी नाकातून नळी घालून खाण्याचा सोडा पाजला, तर स्नायूंतल्या आम्लाचा परिणाम कमी होतो. पण रक्तद्रवातला कार्बन डायऑक्साइड वाढतो. अश्वशर्यतींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने त्याची मर्यादा लिटरला ३६ मिलिमोल ठरवली आहे. कोबाल्टसाठी रक्तद्रवात मिलिलिटरला २५ नॅनोग्रॅम आणि खच्ची घोड्यातील टेस्टोस्टेरॉनसाठी १०० पिकोग्रॅम अशा मर्यादा आहेत. वाढीचे संप्रेरक स्वतः लवकर ओसरते, म्हणून त्यामुळे वाढणाऱ्या आयजीएफ-१ या प्रथिनावर नजर ठेवली जाते.

स्टेरॉइडचा धोका किती खरा आहे हे २०१३ मध्ये न्यूमार्केटला दिसले. गोडॉल्फिन या शर्यतीचे घोडे पाळणाऱ्या संस्थेच्या एका तबेल्यातील ११ घोड्यांच्या नमुन्यांत स्टेरॉइड सापडले आणि ट्रेनरवर ८ वर्षांची बंदी आली. हे नमुने शर्यतीच्या दिवशी नव्हे, तर तबेल्यात जाऊन घेतलेले होते. औषध सरावाच्या काळात दिले जाते आणि शर्यतीपर्यंत निघून जाते. उरतो तो फक्त परिणाम. म्हणून हाँगकाँग, फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या प्रयोगशाळा घोड्याच्या ‘जैविक पासपोर्ट’कडे वळल्या. त्यात एकाच घोड्याचे रक्त वेळोवेळी तपासून त्याची स्वतःची सरासरी ठरते आणि त्या सरासरीपासून तो ढळला की संशय घेतला जातो.

भारतात घोड्यांचे नमुने दिल्लीच्या राष्ट्रीय डोप चाचणी प्रयोगशाळेत तपासले जातात. नमुन्याचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन भाग होतात आणि पहिला दोषी ठरला तर दुसऱ्याची फेरतपासणी मागता येते. शिक्षा आजही मुख्यतः सापडलेल्या द्रव्यावर किंवा ओलांडलेल्या मर्यादेवरच होते. जैविक खूण बहुधा पुढची तपासणी कोणत्या घोड्याची करायची एवढेच दाखवते. पासपोर्टला लागणारी सोय महाराष्ट्रात मात्र आहे: शर्यतीचे अनेक घोडे पुण्याच्या परिसरात जन्मतात, मुख्यतः मुंबई आणि पुणे या दोन मैदानांवर धावतात, आणि दोन्ही मैदाने एकाच क्लबच्या नियमांखाली आहेत. शिंगरू असल्यापासून या घोड्यांच्या रक्ताची नोंद ठेवणे इथे सुरू व्हायला हवे.