औंध

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील गाव. पंतप्रतिनिधींच्या संस्थानाची एके काळची राजधानी. डोंगरावर यमाईचे देऊळ, पायथ्याशी वस्ती.

औंधचे मोठेपण बाळासाहेब पंतप्रतिनिधींमुळे. सूर्यनमस्काराचा ध्यास घेतलेल्या या चित्रकार राजाने 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी संस्थानातील माळरान दिले, तेच किर्लोस्करवाडी. 1939 मध्ये तर गांधीजींच्या सल्ल्याने घटना करून त्यांनी राजसत्ता प्रजेच्या हाती सोपवली. ग्रामपंचायत हा त्या घटनेचा पाया. हिंदुस्थानातल्या संस्थानिकांत असे धाडस दुर्मीळच.

डोंगरावरच्या श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्म्यांची मूळ चित्रे आहेत, हेन्री मूरचे शिल्पही.

1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, संग्रहालय मात्र राहिले. औंधला जाणाऱ्याने संग्रहालयासाठी निदान अर्धा दिवस राखून ठेवावा.